धुतलेल्या टॉवेलला वास का येतो?

जुलैतली गोष्ट. आदल्या दिवशी मशीनमधून काढून रात्रभर बाल्कनीतल्या दांडीवर वाळत घातलेला टॉवेल सकाळी आंघोळीला घेतला. हाताला कोरडा लागत होता. तोंड पुसलं आणि तो ओळखीचा कुबट वास आला. परत धुवायला टाकला, साबण जरा जास्तच घातला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्याच दांडीवर शेजारी वडिलांचा पंचा होता. तोही रोजच्या वापरातला, त्याच मशीनमध्ये धुतलेला. त्याला कसलाच वास नव्हता.

या वासामागचा जीवाणू जपानी संशोधकांनी 2012 मध्ये नावानिशी दाखवून दिला: मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. कापडात उरलेल्या घामावर आणि अंगाच्या तेलकटपणावर तो जगतो आणि 4-मेथिल-3-हेक्झेनॉइक आम्ल नावाचं द्रव्य तयार करतो. ते अगदी कणभर असलं तरी नाकाला कळतं. हा जीवाणू चिवट आहे. कोरड्या कापडात तो तग धरतो, उन्हातल्या अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. गार पाण्यातल्या धुण्यातून काही जीवाणू धाग्यांत वाचतात आणि कापड तासन् तास ओलं राहिलं की वाढीला लागतात. त्यामुळे धुणं नीट होऊनही वाळता वाळता घोटाळा होतो.

पंचा इथेच बाजी मारतो. तो एकपदरी आणि विरळ विणीचा असतो. पिळला की पाणी निघून जातं, पंख्याखाली दोन-तीन तासांत खडखडीत वाळतो. टेरी टॉवेलवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या जाड टॉवेलवर, दोन्ही बाजूंनी धाग्यांचे फासे असतात. पाणी टिपायला ते उत्तम, पण टिपलेलं पाणी ते सोडतही नाहीत. त्यात साबण जास्त घातला तर तो खळबळून निघत नाही, फाशांत बसतो आणि मळ धरून ठेवतो. माझं नेमकं हेच चुकत होतं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावणही टॉवेलला नको. त्याचा थर धाग्यांवर बसला की टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

म्हणून टॉवेल किती दिवसांनी धुवायचा हे मी आता वाळण्यावरून ठरवतो. हिवाळ्यात, दोन आंघोळींच्या मध्ये तो पूर्ण कोरडा होत असेल, तर तीन-चार वेळा वापरायला हरकत नाही. पावसाळ्यात एक दिवसाआड.

अंगावरच्या कपड्यांचं गणित घामाचं. पाठीवर, कपाळावर येणारा घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ. काखेतल्या काही ग्रंथी मात्र वयात आल्यावर कामाला लागतात आणि स्निग्ध द्रव्य सोडतात. ते मुळात बिनवासाचं असतं. स्टॅफिलोकॉकस होमिनिस हा त्वचेवरचा जीवाणू त्यातून गंधकयुक्त, उग्र वासाचे रेणू मोकळे करतो. त्यासाठी तो वापरतो ते विकर (एन्झाइम) इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये उलगडलं. दिवसभर मातीत लोळलेलं सहा वर्षांचं पोर मळकट दिसतं, पण त्याच्या काखेला मोठ्या माणसासारखा वास येत नाही तो यामुळे.

कापडाचाही यात हात असतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने 26 जणांना व्यायामाच्या सायकलीवर घाम गाळायला लावलं आणि त्यांचे टी-शर्ट 28 तासांनंतर हुंगवले. 2014 मध्ये निष्कर्ष आला: सुतीपेक्षा पॉलिस्टरचा वास जास्त उग्र. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, पण तेलकट द्रव्यं धरून ठेवतं आणि मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू त्यावर फोफावतात. जिमचा पॉलिस्टर टी-शर्ट म्हणून एकाच वापरानंतर धुवायचा. बनियन, मोजे, आतले कपडे रोज, यात वाद नाही. बनियनवर घातलेला सुती शर्ट ऑफिसातल्या एसीत गेला असेल तर दुसऱ्या दिवशी चालतो. लोकलच्या गर्दीत गेला असेल तर नाही.

जीन्सबद्दल कॅनडातला किस्सा आहे. अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने एकच जीन्स न धुता 15 महिने वापरली. जीवाणू मोजले, मग ती धुतली, दोनेक आठवडे वापरली आणि पुन्हा मोजले. आकडे जवळपास सारखेच. ते कोरड्या, थंड हवेतलं; मुंबईच्या मे महिन्यात हा प्रयोग शेजाऱ्यांसाठी तरी कुणी करू नये.

अंथरुणात प्रश्न वेगळा. धुळीतले माइट्स नावाचे बारीक जीव, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रता अंगाने शोषून घेतात. ती दीर्घकाळ 50 टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात त्यांचे हाल होतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात चंगळ. गार पाण्याने ते फारसे मरत नाहीत, त्याला 60 अंशांचं पाणी लागतं. पण त्यांच्या विष्ठेतली, दमा आणि शिंका चाळवणारी प्रथिनं गार पाण्यातही बरीच वाहून जातात. उशीचा अभ्रा आणि चादर आठवड्याला धुवावी. घरात दमेकरी असेल तर गरम पाण्यातच. गोधडी दर आठवड्याला धुणं कुणाला झेपणार? तिला कडक ऊन दाखवून दणदणीत झटकायची, तीही घराबाहेर.

सगळ्यात दुर्लक्षित कापड मात्र ओट्यावर असतं. मॉरिशसमध्ये महिनाभर वापरलेली स्वयंपाकघरातली 100 फडकी तपासली, तेव्हा 49 फडक्यांवर जीवाणू वाढले. एकाच फडक्याने हात, भांडी आणि ओटा पुसणाऱ्या घरांत ते जास्त होते, ओल्या फडक्यांवरही जास्त. ओट्याचं फडकं रोज बदलायचं आणि मासळी साफ केल्यावर लगेच.

टॉवेलचं पुढे काय झालं? कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून तो अर्धा तास भिजवला, नेहमीच्या निम्म्या साबणात धुतला आणि पंख्याखाली पसरला. वास गेला. चार दिवसांची झड लागली तसा परत आला. आता तो घडी करून माळ्यावर ठेवलाय, दिवाळीनंतर काढेन. तोवर मीही पंचाच वापरतोय.