जुनी मराठी पत्रे छापून कशी आली, आणि ती वाचावीत कशी

१८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले आणि बखरी-काव्यांबरोबर अस्सल पत्रेही छापली जाऊ लागली. मिरजेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९७ मध्ये पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला घेतला. पुढच्याच वर्षी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. पुण्यातले पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, इंग्रज सरकारने अभ्यासकांना बराच काळ मोकळे केले नव्हते. त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादून काढले.

नवख्याने राजवाड्यांचा पहिला खंड आधी घ्यावा. त्यात १७५० ते १७६१ मधली पत्रे आहेत. पानिपतच्या मोहिमेवरचे सेनापती सदाशिवरावभाऊ उत्तरेतले मराठी अंमलदार गोविंदपंत बुंदेल्यांना लिहितात, त्यात यमुनेसाठी नावा जमवण्याचा आणि ऐवज पाठवण्याचा तगादा पुन्हा पुन्हा येतो. बखरकाराला पानिपतचा शेवट ठाऊक असतो आणि तो त्याच्या प्रत्येक वाक्यात डोकावतो. पत्रातल्या भाऊंना काळजी असते ती नदी उतरण्याची आणि पैशाची. असला रुक्ष मजकूर हातातून सुटत नाही तो एवढ्यामुळेच.

वाचक अडतो तो तारखेपाशी. ‘छ ७ जमादिलाखर’ म्हणजे त्या मुसलमानी महिन्याचा सातवा चंद्र. साल असते सुहूर सनाचे (मराठी कागदांत चालणारी एक जुनी कालगणना), तेही अरबी संख्याशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ फोडले की १ + ६० + १०० + १००० = ११६१. हे साल मृगापासून, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होते. म्हणून इसवी सन काढताना डिसेंबरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे असेल तर ६००. पानिपतची लढाई (१४ जानेवारी १७६१) याच सालात येते. मुसलमानी दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो.

खरी पंचाईत होते ती साल न घातलेल्या पत्रांची, आणि अशी पत्रे पुष्कळ. तिथे संपादक मजकुरावरून साल ठरवतो आणि कधी चुकतो. पडताळा सोपा आहे. मुसलमानी चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने महिने ऋतूंतून मागे सरकत जातात. पत्रात पाऊस, पिके किंवा नदीचा पूर आला असेल, तर तो महिना त्या साली त्याच हंगामात पडला होता का, एवढे पाहावे.

मायना, म्हणजे पत्राच्या आरंभीचे ठरीव संबोधन, कंटाळवाणा म्हणून गाळू नये. ‘राजश्री’, ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘विज्ञापना’ यांवरून कोण कोणापुढे कितपत वाकतो ते कळते. नेहमीचा मायना अचानक आखडला तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे. मजकूर कारकुनाचा असे, शेवटचे ‘बहुत काय लिहिणे’ मात्र पुष्कळदा धन्याच्या हातचे. छापील पानावर दोन्ही अक्षरे एकसारखीच दिसतात, हे मोठे नुकसान. चांगला संपादक तशी टीप देतो.

पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, असेल तर ती लिहिल्याच्या तारखेशी ताडून पाहावी. जासूदजोडीला, म्हणजे पत्र नेणाऱ्या दोघा निरोप्यांना, वाटेत किती दिवस लागले ते निघते. मग वरवर हेकट वाटणारे एखादे उत्तर मुळात उत्तरच नव्हते, धन्याचे आधीचे पत्र तोवर पोचलेच नव्हते, असेही आढळते.