शांतिनिकेतनचा गाता रंगमंच

नवी चाल सुचली की रवींद्रनाथ ताबडतोब दिनूला हाक मारायचे, कारण स्वतःचीच चाल त्यांच्या लक्षात राहायची नाही. दिनू म्हणजे दिनेंद्रनाथ, थोरल्या भावाचा नातू. तो चाल गळ्यात उतरवून घ्यायचा, तिचं स्वरलेखन करायचा आणि आश्रमातल्या मुलांना शिकवायचा. रवींद्रनाथांच्या ‘फाल्गुनी’ नाटकाची अर्पणपत्रिका वाचा. म्हाताऱ्या कवीच्या मनातल्या वाळवंटाखालची नदी ज्यांनी वर ओढून आणली त्या पोरांना, आणि त्यांच्यासोबत ‘माझ्या सगळ्या गाण्यांचा भांडारी’ दिनेंद्रनाथाला नाटक अर्पण केलंय. हे कौतुकाचं बोलणं नव्हे. ही रंगभूमी खरोखरच विद्यार्थ्यांच्या अंगाने वाढली.

१९०१ साली शांतिनिकेतनात रवींद्रनाथांची शाळा सुरू झाली ती जेमतेम पाच मुलांवर. १९०८च्या ‘शारदोत्सव’ नाटकात एकही स्त्री-भूमिका नाही, कारण खेळणारे सगळे आश्रमातले मुलगे आणि शिक्षक. १९२१ साली कोलकात्याला ठाकूरांच्या जोडासांकोच्या घरी ‘वर्षामंगल’ झालं, तेव्हा कथानकही गळून पडलं होतं. पावसाची गाणी एकामागून एक, बस्स. पुढे ‘वसंत’ (१९२३) आणि ‘शेषवर्षण’ (१९२५) आली. त्यांत राजा बोलतो, कवी बोलतो, पण ते संवाद म्हणजे नुसता दोरा, मणी म्हणजे गाणी. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या कानांना हे वेगळं वाटेल. आपल्याकडे नाटक पदासाठी थांबतं, इथे गाण्यांच्या मधल्या फटीत नाटक घडतं.

आता एकच गाणं जवळून पाहू. मद्रासकडून सावित्री गोविंद नावाची मुलगी शांतिनिकेतनात शिकायला आली. तिच्या तोंडून रवींद्रनाथांनी कर्नाटक संगीतातले रचनाकार दीक्षितर यांची ‘मीनाक्षी मे मुदं’ ही रचना ऐकली आणि त्याच चालीवर ‘वासंती, हे भुवनमोहिनी’ लिहिलं. १९३१च्या ‘नवीन’ या वसंतगीतांच्या मालिकेची सुरुवात याच गाण्याने होते. दक्षिणेतली ही मुलगी आली नसती, तर बंगालच्या वसंताला हा स्वर मिळालाच नसता. हिंदुस्थानी संगीत शिकवायला भीमराव शास्त्री हे मराठी गवई तिथे काही वर्षं होते, हेही आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.

नाच आला तो सिल्हेटहून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून. १९१९ साली तिथे मणिपुरी नृत्य पाहून रवींद्रनाथ भारावले आणि त्यांनी आश्रमात शिक्षक आणला. मात्र भल्या घरच्या मुलींनी रंगमंचावर नाचायचं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ‘नटीर पूजा’ या नाटकात (१९२६) चित्रकार नंदलाल बोस यांची मुलगी गौरी नाचली. कोलकात्याच्या प्रयोगासाठी रवींद्रनाथांनी मुद्दाम एक पुरुषपात्र वाढवलं आणि ती भूमिका स्वतः केली. लोकांनी बोलायचं तर आधी आपल्याला बोलावं, असाच तो हेतू असावा असं मला वाटतं.

१९३३ साली हा संच ‘शापमोचन’ घेऊन मुंबईलाही आला. १९३६ साली ‘चित्रांगदा’ हे नृत्यनाट्य घेऊन, पंचाहत्तरीला टेकलेले रवींद्रनाथ विश्वभारती या आपल्या विद्यापीठासाठी पैसे जमवत दिल्लीपर्यंत गेले. त्यांची ती वणवण गांधीजींना बघवेना. त्यांनी ६०,००० रुपये मिळवून दिले.

‘चंडालिका’ १९३३ साली गद्य नाटक होतं. १९३८ साली रवींद्रनाथांनी ते पुन्हा हाती घेतलं आणि आई-मुलीचं बोलणंसुद्धा चालीत बांधलं. ते गाऊन-नाचून उभं करणाऱ्या मुली तोवर आश्रमातच तयार झाल्या होत्या.