जात्यावरची ओवी आणि कानातलं गाणं

जात्यावर बसलं की ओवी सुचते, आणि लॅपटॉप उघडला की आपल्याला प्लेलिस्ट सुचते. कामात गाणी कशाला, असं कुणी टोकलंच तर उत्तर तयार असतं, ‘आज्या-पणज्याही गातच काम करायच्या की!’ करायच्या, खरंय. पण त्यांचं ते श्रमगीत. आपल्या कानात वाजतं ते पार्श्वसंगीत, आणि या दोघांत फार तर लांबचं नातं निघेल.

श्रमगीत कामाच्या पोटातून येतं. पहाटे दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालतात, तेव्हा जात्याच्या फेऱ्याची लय तीच ओवीची लय. कापणीला भलरी घुमायची ती पातीवरचे सगळे विळे एका चालीने सरकावेत म्हणून. मोटेवरचा गडी गायचा, तिथे तर मुख्य श्रोते बैलच! शिवाय हात दळणात गुंतलेले असले तरी शब्द मोकळे असायचे. माहेर, भाऊराया, सासुरवास, विठोबा, पुढे बाबासाहेबसुद्धा ओवीत आले. चारचौघांत बोलायची सोय नव्हती ते जात्याच्या घरघरीत बोलून व्हायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून सहकाऱ्यांसह अशा 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तशी ओवीही हळूहळू गप्प झाली. कामच उरलं नाही, मग ती बसणार कशावर?

पार्श्वसंगीत बाहेरून येतं, आणि बहुतेकदा दुसऱ्याच कुणाच्या हिशेबाने. 1940 साली, ऐन दुसऱ्या महायुद्धात, बीबीसीने ब्रिटनमधल्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी रोज दोनदा अर्धा-अर्धा तास संगीत लावायला सुरुवात केली. कंटाळा जावा, हात चालते राहावेत, एवढाच हेतू. पण टेक्सासवरचं एक लोकप्रिय अमेरिकन गाणं तिथे कामाच्या वेळात वर्ज्य ठरलं. त्यात मध्येच टाळ्या वाजवायच्या जागा होत्या आणि कामगार हातातली अवजारं सोडून टाळ्या देतील अशी धास्ती होती. मला सगळा फरक याच गोष्टीत दिसतो. भलरी हातापर्यंत पोचली नाही तर ती फुकट, आणि हे गाणं हातापर्यंत पोचलं की पंचाईत. अमेरिकेत पार्श्वसंगीत पुरवणाऱ्या म्युझॅक कंपनीने तर याचं गणितच बसवलं. 15 मिनिटं हळूहळू चढत जाणारं संगीत, मग 15 मिनिटं शांतता. चाल किती चढवायची ते कंपनीच ठरवायची.

आता आपलं टेबल. दळणाला शब्द लागत नाहीत. ईमेलला, अहवालाला, अभ्यासाला लागतात. सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना आकडे दाखवून क्रमाने आठवायला सांगितले होते. मागे गायन चालू असताना आठवणीचा गोंधळ वाढला. नुसत्या वाद्यसंगीताने त्यापेक्षा कमी त्रास झाला. डोळ्यांनी वाचलेलंही आपण मनातल्या मनात म्हणतच असतो, आणि तिथेच गायकाचे शब्द घुसतात. म्हणून मसुदा लिहिताना आवडती लावणी नको, फार तर सतार-बासरी. त्यातही ओळखीची धून असेल तर मन तिचे शब्द स्वतःच भरतं, ते वेगळंच.

कपड्यांच्या घड्या, इस्त्री, भाजी निवडणं यांना काहीही चालतं. भांडी घासताना मात्र एकदा हेडफोन काढून स्वतःच गुणगुणून बघा. दुसऱ्या कडव्यापर्यंत घासणी तालावर फिरायला लागलेली असते.