द्राक्षाच्या घडावरचा कागद आणि ९३० कोटी वर्षांचा उजेड

डिसेंबर संपत आला की दिंडोरी साईडला मामांच्या बागेत माझी एक फेरी ठरलेली असते, आणि गेलो की पेपर लावायचं काम हातात येतंच. थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागलं की रद्दीचा एक कागद घ्यायचा, घडाभोवती गुंडाळायचा, वर स्टेपलरची पिन मारायची आणि पुढचा घड. दिवसभर तेच, मान वर करून करून दुखायला लागते. नाही लावला तर ऊन थेट बसतं, मण्यावर चट्टा पडतो, काही मणी गुलाबी व्हायला लागतात, आणि पिंक बेरी दिसली की व्यापारी भाव पाडतो हे नाशकात कोणाला सांगायला नको.

मागच्या खेपेला मामा म्हणाले, "ऊन तर पाहिजेच ना द्राक्षाला, त्याच्याशिवाय साखर भरणार कुठून, मग हा कागद नेमकं काय अडवतो रे?"

प्रश्न एकदम नेमका होता. उन्हात एकच गोष्ट नसते. एक आपल्याला दिसणारा उजेड, एक उष्णता, आणि तिसरे अतिनील किरण, जे डोळ्याला दिसत नाहीत पण मण्याच्या सालीला आणि आपल्या कातडीला बरोबर कळतात. दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) लांबीच्या लहरींचा, त्याच्या खाली अतिनील चालू होतं. लहर जितकी आखूड तितकी तिची मार करायची ताकद जास्त. पान उघडं असतं, त्याला ऊन मिळतं, साखर तिथून येते, घडाला स्वतःला थेट उन्हाची तेवढी गरज नाही. म्हणून घड झाकायचा, पान नाही.

मी म्हणलं, मामा, असाच एक कागद पृथ्वीला पण लावलेला आहे. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन आहे, तो २८० नॅनोमीटरच्या खालचं अतिनील जवळपास सगळंच गिळतो, त्याच्यावरचं ३१५ पर्यंतचं बरंचसं गिळतो, आणि २०० च्या खाली तर साधा ऑक्सिजनच आडवा येतो. म्हणजे बागेत जे पोचतं ते उरलंसुरलं, आणि त्या उरल्यासुरल्यासाठी सुद्धा आपल्याला स्टेपलर घेऊन फिरावं लागतं.

हा कागद नसता तर जमिनीवर आपण असं उघड्यावर जगलोच नसतो. पण ज्यांना सूर्य आणि तारे बघायचेत त्यांची मोठी पंचाईत होते, कारण आकाशातल्या सगळ्यात धगधगत्या गोष्टी, तापलेले तरुण तारे, सूर्यावरचे भडके, यांची खूप मोठी कहाणी अतिनील उजेडातच असते, आणि ती कितीही मोठी दुर्बीण घेऊन कितीही उंच डोंगरावर बसलं तरी वाचता येत नाही. कळसूबाई सोडा, एव्हरेस्टवर गेलात तरी ओझोनचा बराचसा थर डोक्याच्या वरच राहतो. घड बघायचा असेल तर कागदाच्या आत डोकावलं पाहिजे, तसं इथं कागदाच्या बाहेर गेलं पाहिजे. अवकाशात दुर्बिणी पाठवण्यामागचं हे एक मोठं कारण, आणि मला वाटतं आपल्याकडे ते फार कमी सांगितलं जातं, आपण फक्त लाँच बघतो आणि टाळ्या वाजवतो.

आता जवळचं उदाहरण. आदित्य-एल१ हे सूर्याकडे बघणारं यान आपण २ सप्टेंबर २०२३ ला सोडलं, ६ जानेवारी २०२४ ला ते ठरलेल्या जागी पोचलं, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं साधारण १५ लाख किलोमीटर. ऐकायला लांब वाटतं, पण सूर्यापर्यंतच्या अंतराचा तो फक्त एक टक्का. तिथं फायदा हा की मधे पृथ्वी येत नाही, रात्र होत नाही, सूर्य कायम समोर. त्याच्यावर सात उपकरणं आहेत, त्यातलं एक म्हणजे सूट, सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण, आणि ती बनवली पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेनं इस्रोच्या साथीनं. ती बघते २०० ते ४०० नॅनोमीटर, म्हणजे बरोबर तोच पट्टा ज्याचा मोठा भाग ओझोन आपल्यापर्यंत येऊ देत नाही. तिच्यात ११ फिल्टर आहेत, आणि फिल्टर बदलला की सूर्याच्या वातावरणाचा वेगळ्या उंचीवरचा थर दिसतो, कांद्याचा एकेक पापुद्रा सोलल्यासारखा.

२२ फेब्रुवारी २०२४ ला सूर्यावर एक्स ६.३ दर्जाचा भडका उडाला. एक्स हा सगळ्यात जोरदार वर्ग. सूटनं सूर्याच्या वातावरणाच्या खालच्या थरातला त्याचा मूळ ठिपका पकडला, जिथं ऊर्जा वरून खाली येऊन आदळते आणि जागा एकदम उजळते, आणि आदित्यवरच्याच क्ष-किरण उपकरणांनी त्याच वेळी वरच्या कोरोनाचं, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या वातावरणाचं, तापमान चढताना पाहिलं. दोन्ही जुळवलं तेव्हा खालचं उजळणं आणि वरचं तापणं एकमेकांना बांधलेलं दिसलं. हे महत्त्वाचं का, तर सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस आणि त्याच्या कितीतरी वर असलेला कोरोना दहा लाख अंशांच्या वर, चुलीपासून लांब जावं आणि जास्त चटका बसावा असा हा उलटा प्रकार आहे. ऊर्जा थराथरातून कशी जाते हे कळल्याशिवाय हे कोडं सुटणार नाही, आणि त्यासाठी सगळे थर एकाच वेळी दिसायला लागतात.

पण मला खरं सांगायची होती ती दुसरी दुर्बीण. अ‍ॅस्ट्रोसॅट, २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेला उपग्रह, पृथ्वीभोवती ६५० किलोमीटरवर. त्याच्यावर अतिनील बघणाऱ्या जोड दुर्बिणी आहेत, एकेका आरशाचा व्यास ३८ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे घरातल्या परातीएवढा. हबल या नावाजलेल्या अवकाश दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा. तरी ऑक्टोबर २०१६ मधे या परातीएवढ्या आरशानं आकाशाच्या एका तुकड्याकडे २८ तासांच्या वर बघत राहून जे पकडलं ते हबलला त्याच जागी पकडता आलं नव्हतं, कारण आपल्या डिटेक्टरमधली, म्हणजे उजेड टिपणाऱ्या भागातली, स्वतःची खरखर खूप कमी होती, आणि उजेड इतका फिका होता की खरखरीच्या वर तो कळणंच मुश्कील. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या टीमनं तो सिग्नल खरा आहे याची खात्री करण्यात जवळपास दोन वर्षं घालवली, २०२० मधे शोधनिबंध आला.

पकडलं काय, तर ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहातून, निघालेलं जहाल अतिनील. निघाला तेव्हा उजेडाची लहर ६० नॅनोमीटरच्या आसपास होती. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं, त्याच्याबरोबर लहर पण ताणली गेली, जवळपास अडीचपट, आणि पोचेपर्यंत ती १४५ च्या आसपास झाली, तेव्हा कुठं ती आपल्या दुर्बिणीच्या टप्प्यात आली.

या ६० नॅनोमीटरवाल्या उजेडात हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावायची ताकद असते, ९१.२ च्या खालच्या कुठल्याही लहरीत असते. विश्वाच्या पहिल्या शंभरेक कोटी वर्षांत सगळीकडे पसरलेला थंड हायड्रोजन असाच फोडला गेला, पण तो नेमका कोणी फोडला, छोट्या दीर्घिकांमधल्या तरुण ताऱ्यांनी की आणखी कशानं, यावर अजून काम चालू आहे. अडचण अशी की त्या काळातला तो जहाल उजेड आपल्यापर्यंत येतच नाही, मधला हायड्रोजन त्याला खाऊन टाकतो. मुळात दीर्घिकेच्या आतलाच वायू त्याला सहज बाहेर सोडत नाही. म्हणून त्या काळातल्या दीर्घिकांसारखी, पण त्यांच्यापेक्षा जवळची दीर्घिका शोधायची, जिच्यातून हा उजेड निसटतोय, आणि बघायचं की कसा निसटतो. आपल्याला सापडलेली ती अशी दीर्घिका.

जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण मात्र उजेडाच्या दुसऱ्या टोकाला, अवरक्तमधे बघते, ताणून ताणून तांबड्याच्या पलीकडे गेलेला उजेड. ती गेली २५ डिसेंबर २०२१ ला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला आपल्या नाशकात साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, तब्येतीमुळं त्यांना येता आलं नाही. आयुका उभी केली ती त्यांनीच, १९८८ मधे. सूट तिथं बनली, ९३० कोटी वर्षांचा तो फिका ठिपका तिथल्याच लोकांनी ओळखला. हे मी त्या दिवशी मामांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, कागद गुंडाळत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा आपला सूर्य होता का?"

नव्हता. सूर्याचं वय साधारण ४६० कोटी वर्षं. तो उजेड अर्धी वाट चालून आला तेव्हा कुठं सूर्य जन्माला आला, त्याच्याभोवती पृथ्वी झाली, पुढं कधीतरी ओझोन साठला, त्याच्याही कितीतरी नंतर वेली आल्या.

रात्री जेवण करून नऊच्या सुमारास बाहेर आलो. पूर्वेकडून मृग चांगला वर आलेला, आणि त्याच्या उजवीकडे खाली, बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून निम्म्याला थोडं कमी, एक मोकळी दिसणारी जागा. फोर्नॅक्स नावाचा फिका तारकासमूह आहे तिथं, ती दीर्घिका त्याच दिशेला. नाशिकहून पुणं जवळपास सरळ दक्षिणेलाच, म्हणजे आयुका पण त्याच बाजूला, खाली क्षितिजापलीकडे. मामांना हात करून दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, म्हणाले इथं काहीच दिसत नाही, आणि जाऊन शेडवरचा बल्ब बंद करून आले.