नव्या टी-शर्टवरचा जुनेपणा

वर्षानुवर्षे वापरलेल्या टी-शर्टवरचे चित्र विटते कसे, हे नीट समजले, तरच तसा जुनेपणा नव्या कापडावर स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईने, पटेल असा उतरवता येतो. या छपाईत सर्रास वापरली जाणारी प्लास्टिसॉल शाई म्हणजे प्लास्टिसायझर नावाच्या द्रवात कालवलेले पीव्हीसीचे सूक्ष्म कण. ती हवेने वाळत नाही. सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर हे कण द्रव शोषून फुगतात, एकजीव होतात आणि धाग्यांवर सलग, लवचीक पापुद्रा तयार होतो. पुढे प्लास्टिसायझर हळूहळू निघून गेला की पापुद्रा ताठर बनतो, खालचे होजियरी कापड मात्र ताणले जातच राहते आणि ताणाच्या दिशेला काटकोनात भेगा पडतात. हे कापड लांबीपेक्षा रुंदीत अधिक ताणले जाते, म्हणून छातीवरच्या चित्रात उभ्या भेगा अधिक शोभतात. शिवाय घर्षणाने कापडाचे बारीक तंतू शाईतून वर डोकावू लागतात आणि रंग धूसर भासतो.

शाई मुद्दाम कमी तापवून भेगा मिळवणे हा मार्ग मला सर्वथा चुकीचा वाटतो. कण पुरते एकजीव न झाल्यामुळे चित्र पहिल्या काही धुण्यांतच सुटू लागते, आणि ते कुठून सुटेल यावर कोणाचेच नियंत्रण उरत नाही.

झीज चित्रातच आखून घेणे अधिक भरवशाचे. चुरगळलेला कागद किंवा पोपडे गेलेली भिंत यांचा पोत स्कॅन करून तो चित्रातून वजा करतात. स्क्रीनच्या जाळीवर दिलेला इमल्शन हा प्रकाशसंवेदी लेप प्रकाश पडेल तिथे घट्ट होतो, वर ठेवलेल्या चित्राच्या पारदर्शक फिल्मच्या काळ्या भागाखाली मऊ राहून पाण्याने धुतला जातो आणि तेथूनच शाई पार होते. म्हणजे चित्रातला प्रत्येक ‘उडालेला’ ठिपका हा जाळीला चिकटून एकटा उभा असलेला इमल्शनचा कण असतो आणि त्याला धरायला धागा लागतो. सेंटीमीटरला ४३ धागे असलेल्या जाळीत दोन धाग्यांच्या मध्यांतले अंतर सुमारे ०.२३ मिलिमीटर असते, त्यामुळे त्याहून बारीक ठिपके धुतानाच निसटण्याचा संभव असतो. ९० धाग्यांच्या जाळीत हे अंतर ०.११ मिलिमीटरवर येते, बारकावे टिकतात आणि शाईचा थरही पातळ बसतो. मात्र ठिपके सर्वत्र सारखे विखुरले तर लबाडी लगेच उघडी पडते, कारण खरी झीज घड्यांच्या आणि वारंवार घासल्या जाणाऱ्या भागांवर एकवटते.

शाईत पारदर्शक बेस, म्हणजे रंगकण नसलेली शाई, मिसळला आणि गडद कापडावर एरवी देतात तो पांढरा अस्तर-थर वगळला, तर कापडाचा रंग वर झिरपून छटा आपोआप मंदावते.

परंतु जुनेपणा डोळ्यांइतकाच हाताला जाणवतो आणि तिथे डिस्चार्ज शाईला तोड नाही. पाण्यावर आधारित या शाईत झिंक फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्सिलेट हे क्षपणक, म्हणजे रंग उडवणारे रसायन, घालतात. उष्णता आणि ओलावा मिळताच ते सुती धाग्यातल्या रंगद्रव्याचे रेणू मोडते. मोकळ्या झालेल्या जागी शाईचे रंगकण बसतात, किंवा रंग न घातल्यास धाग्याची मूळ, किंचित पिवळसर छटा उरते; वर पापुद्रा असा राहतच नाही. सुती आणि पॉलिएस्टरच्या मिश्र कापडात पॉलिएस्टरचा रंग जात नसल्याने चित्र आपसूक ठिपकेदार, विटलेले दिसते. या प्रक्रियेत फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, म्हणून खेळती हवा अनिवार्य आहे आणि छापलेला कपडा अंगात घालण्यापूर्वी धुवायलाच हवा. काही निळी आणि हिरवी रंगद्रव्ये या रसायनाला दाद देत नाहीत, आणि एकाच छटेचे दोन गठ्ठे वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले असू शकतात. त्यामुळे प्रत्येक गठ्ठ्यातला एक शर्ट आधी छापून, तापवून आणि धुऊन पाहावा.