दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक : सहलीला निघण्याआधी एवढं वाचाच

गोव्याहून निघणाऱ्या आमच्या दिल्ली-आग्रा सहलीचं बुकिंग ज्यांनी केलंय त्यांच्यासाठी हे पत्रक. कार्यक्रमात एक अख्खी दुपार, साडेतीनपासून अंधार पडेपर्यंत, एकाच ठिकाणासाठी राखून ठेवलेली दिसेल : राष्ट्रीय समर स्मारक. ते वाचून आमच्या काउंटरवर हमखास प्रश्न येतो, "एवढा वेळ तिथे करायचं काय? इंडिया गेटसमोर फोटो काढला की झालं ना?" त्याच वेळात लोटस टेंपल आणि दिल्ली हाट सहज उरकता येतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ही जागा उरकायची नाही, आणि घाईत बघितली तर तिथे बघण्यासारखं फारसं नाही. ज्यांना तरीही हाटला जायचंच आहे त्यांना वेगळी टॅक्सी करून देऊ, नाराज होणार नाही.

पहिला गोंधळ आधी मिटवू. इंडिया गेट आणि समर स्मारक ही दोन वेगळी स्मारकं, एकमेकांच्या शेजारी. इंडिया गेटची ४२ मीटर उंच कमान इंग्रजांनी बांधली. पायाभरणी १९२१ साली, उद्घाटन १९३१ साली. पहिल्या महायुद्धात आणि त्यामागोमागच्या अफगाण युद्धात ब्रिटिश हिंदी सैन्यातले जे जवान पडले त्यांची ती आठवण, आणि तिच्यावर तेरा हजारांच्या वर नावं कोरलेली आहेत. १९७१ च्या युद्धानंतर कमानीखाली अमर जवान ज्योती आली, पण स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सगळ्या सैनिकांची नावं एकत्र वाचता येतील अशी जागा राजधानीत नव्हती. ती झाली २५ फेब्रुवारी २०१९ रोजी. पुढे २१ जानेवारी २०२२ ला कमानीखालची ज्योत नव्या स्मारकातल्या ज्योतीत विलीन करण्यात आली. त्यामुळे ज्यांनी पूर्वी दिल्ली पाहिली आहे त्यांनी कमानीखाली ज्योत शोधत थांबू नये. ती आता पलीकडे आहे.

स्मारकाचा परिसर सुमारे ४० एकरांचा. रस्त्यावरून मात्र मोठं असं काही दिसत नाही. इंडिया गेटचा देखावा झाकला जाऊ नये म्हणून बांधकाम मुद्दाम बुटकं ठेवलंय, बरंचसं जमिनीच्या पातळीखाली. आराखडा चेन्नईच्या योगेश चंद्रहासन यांचा. एकात एक अशी चार वर्तुळं आहेत आणि त्यांना चक्रं म्हणतात. अगदी मध्ये अमर चक्र, तिथे साडेपंधरा मीटर उंचीचा स्तंभ आणि पायाशी ज्योत. त्याभोवती वीरता चक्र, मग त्याग चक्र, आणि सगळ्यात बाहेर रक्षक चक्र. हे शेवटचं म्हणजे सहाशेहून जास्त झाडांच्या रांगा, सीमेवर पहाऱ्याला उभ्या असलेल्या जवानांची खूण म्हणून लावलेल्या. गोव्यात झाडांचं कौतुक कुणाला असणार? पण दिल्लीच्या उन्हातून आलात की पहिला थांबा इथेच घ्या. पाणी प्या, मंडळी गोळा होऊ द्या.

सहलीची माणसं थेट मधल्या ज्योतीकडे धावतात, आणि तिथेच आमचा वाद आहे. स्मारकाचा जीव त्याग चक्रात आहे. चक्रव्यूहासारख्या मांडलेल्या ग्रॅनाइटच्या सोळा भिंती, आणि त्यांत प्रत्येक सैनिकाची स्वतंत्र पाटी. पाटी विटेएवढी, अक्षरं सोनेरी. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावं होती. त्यांत भर पडतच असते. जून २०२० मध्ये गलवानला पडलेल्या वीस जवानांची नावं नंतर कोरली गेली. १९४७-४८ चं काश्मीर, १९६२, १९६५, १९७१, सियाचीन, श्रीलंका, कारगिल, सगळं त्या भिंतींवर आहे. सेनापती आणि शिपाई यांची पाटी एकाच मापाची.

पंचवीस हजार नावांपुढे माणूस नुसता उभा राहिला तर दोन मिनिटांत मान दुखते आणि नजर भिरभिरते. म्हणून आमचा आग्रह असतो, निघण्याआधी एक नाव ठरवून चला. गावातलं, नात्यातलं, किंवा नुसतं वाचून माहीत झालेलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांची सोयरीक दोडामार्ग, सावंतवाडी, बेळगाव, चंदगडकडे आहे. मराठा लाईट इन्फंट्रीत कुणाचा काका, कुणाचा मामेभाऊ असतोच, आणि या रेजिमेंटचं केंद्र तर बेळगावातच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बऱ्याचदा नाव निघतं, आणि त्या नावाबरोबर चार गोष्टी निघतात ज्या घरात बरीच वर्षं कुणी काढलेल्या नसतात. स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधायची सोय आहे. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून बघा, कारण लष्करी नोंदीत 'सावंत'चं काय झालेलं असेल ते सांगता येत नाही.

घरातलं नाव नसेल तर गोवेकर म्हणून एक शोध आम्हीच सुचवतो. डिसेंबर १९६१ च्या ऑपरेशन विजयमध्ये, म्हणजे गोवा मुक्तीच्या कारवाईत, जे जवान कामी आले त्यांची नावंही याच भिंतींवर आहेत. शाळेत आपण १९ डिसेंबर शिकतो, मुक्तिदिनाची सुट्टी घेतो, पण त्या दोन दिवसांत माणसं कुठे पडली हे फारसं कुणी सांगत नाही. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर १८ डिसेंबरला नौदलाची तुकडी उतरली, तेव्हा बेटावरच्या पोर्तुगीज सैनिकांच्या गोळीबारात सात नौसैनिक मारले गेले. त्याच दिवशी संध्याकाळी सेवन्थ लाईट कॅव्हलरी आणि शीख लाईट इन्फंट्रीचे जवान मांडवीकाठी बेतीला पोचले होते, पणजी समोर दिसत होती. आग्वादच्या किल्ल्यात स्वातंत्र्यसैनिक कैदेत आहेत असं कळल्यावर मेजर शिवदेवसिंग सिद्धू त्यांना सोडवायला निघाले. किल्ल्यातल्या शिबंदीला शरणागतीचा हुकूम पोचलेला नव्हता. तिथे झालेल्या गोळीबारात मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल मारले गेले. आपण पाहुणे आले की त्यांना आग्वादला नेतो, दीपगृह दाखवतो, समुद्राकडे तोंड करून फोटो काढतो. पुढच्या वेळी ही दोन नावंही सांगा.

इथेच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होतो. या भिंतींवर फक्त स्वतंत्र भारताच्या सैन्यदलांतले जवान आहेत. सत्याग्रही, तुरुंगवास भोगलेले, भूमिगत राहून काम केलेले असे आपले स्वातंत्र्यसैनिक इथे सापडणार नाहीत. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळ्यांना सामोरे गेलेले पंजाबचे कर्नेलसिंग इसरू आणि त्यांच्यासारखे इतर सत्याग्रही, त्यांचं स्मरण पेडण्यात पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकात होतं. ते बघायला दिल्लीला जायची गरज नाही, सकाळी चहा घेऊन निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. उलट आम्ही म्हणू, दिल्लीच्या आधी मुलांना पत्रादेवी दाखवा. तिथे काय घडलं हे कळलेलं मूल दिल्लीच्या भिंतीपुढे निराळे प्रश्न विचारतं.

वीरता चक्रात सहा लढाया-मोहिमांची कांस्याची सहा भित्तिशिल्पं आहेत : तिथवाल, रेझांग ला, गंगासागर, लोंगेवाला, ऑपरेशन ट्रायडंट आणि ऑपरेशन मेघदूत. लोंगेवाला बहुतेकांना सिनेमामुळे माहीत असतं आणि गर्दीही तिथेच होते. तुम्ही ट्रायडंटपुढे जरा जास्त थांबा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. नौदल दिन त्याच तारखेला पाळतात. कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय करून ठेवलेली 'चपळ' ज्यांनी आतून पाहिली असेल त्यांना अशा नौका किती चिंचोळ्या असतात याची कल्पना येईल. रेझांग ला म्हणजे लडाखमधली खिंड, शिल्प तिथल्या १८ नोव्हेंबर १९६२ च्या चीनविरुद्धच्या लढाईचं, मेजर शैतानसिंग आणि कुमाऊँ रेजिमेंटची एक कंपनी. तिथला वारा आणि थंडी शिल्पात दाखवता आलेली नाही, कुणाला येईल असंही वाटत नाही.

बाजूच्या परम योद्धा स्थळावर परमवीर चक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. तिथे आपल्या शेजारचा माणूस आहे : सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडं पाडून बंद केला होता. रणगाडे पुढे सरकेनात. राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सुरुंग काढणं हे त्यांचंच काम. मांडीला जखम झालेली असतानाही ते गोळीबारात रस्ता मोकळा करत राहिले. एका टप्प्यावर ते चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली दोन पट्ट्यांच्या मधून सरपटत गेले, आणि वर बसलेल्या चालकाला थांब, चल अशा खुणा करायला दोऱ्या ओढत होते. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. कारवारला समुद्रकिनाऱ्यावरचा त्यांचा पुतळा आपल्यापैकी कितीतरी जणांनी गोकर्णला जाता-येता पाहिला असेल.

साडेतीनला पोचायचं कारण हेच, की या दोन ठिकाणी पुरेसा वेळ मिळावा आणि सूर्यास्ताच्या आधी सगळे अमर चक्राशी परत आलेले असावेत. रोज संध्याकाळी तिथे रिट्रीट होते. लष्करी शिस्तीत, बिगुलाच्या सुरात झेंडे उतरवले जातात. वीरमरण आलेल्या एखाद्या जवानाच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याचाही कार्यक्रम असतो. त्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा ही आमची विनंती नाही, अट आहे. समोर कुणाची तरी आई किंवा बायको उभी असते. रील नंतर इंडिया गेटपाशी हवी तितकी काढा, तिथे रोषणाई चांगली असते.

आता कामाच्या गोष्टी.

प्रवेशाला तिकीट नाही. सुरक्षा तपासणी असते, म्हणून मोठ्या पिशव्या, खाण्याचे डबे, लाडू-चिवडा गाडीतच ठेवा. हार, नारळ, उदबत्ती गोव्याहून आणू नका, तिथे पूजा करत नाहीत. चालणं बरंच आहे, आणि कडक फरशीवरचं, त्यामुळे नवी चप्पल घालून येऊ नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी आम्ही चाकांची घडीची खुर्ची बरोबर ठेवतो. बुकिंगच्या वेळीच सांगा, लाजू नका. ऐन वेळी सांगितलं की एकाच खुर्चीवर तिघांचा हक्क निघतो.

थंडीबद्दल गोव्याच्या माणसाला सांगून पटत नाही, तरी सांगतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत संध्याकाळी सहानंतर आपला रेल्वे प्रवासाचा पातळ स्वेटर काही कामाचा नाही. कानटोपी, मोजे, आणि आत घालायचं गरम बनियन घ्या. त्याच दिवसांत धुकं असतं, गाड्या आणि विमानं दोन्ही रखडतात, म्हणून पोचल्याच्या दिवशी आम्ही स्मारक ठेवत नाही. दमा असलेल्यांनी नोव्हेंबरमधली दिल्ली टाळलेली बरी. मे महिन्याच्या सुट्टीत यायचं असेल तर साडेतीनऐवजी पाचला नेतो, कारण दिवसभर तापलेल्या ग्रॅनाइटजवळ उभं राहणं शक्य नसतं. आमचं मत विचाराल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चची सुरुवात, त्याला तोड नाही. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ही सहल आम्ही काढतच नाही. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या तालमींमुळे त्या भागातले रस्ते कधी बंद होतील याचा नेम नसतो. हिवाळ्यात स्मारक लवकर बंद होतं. त्या-त्या महिन्याची वेळ निघण्याच्या आठवड्यात आम्ही व्हॉट्सॲपवर कळवू.

वास्कोहून गोवा एक्सप्रेसने किंवा मडगावहून राजधानीने येणारे हजरत निजामुद्दीनला उतरतील. तिथून स्मारक जवळ आहे, पण आधी हॉटेलवर जाऊन आंघोळ, जेवण, थोडी झोप. मोपा आणि दाबोळीहून विमानाने येणाऱ्यांची गाडी वेगळी असेल. दोन्ही गट दुपारी हॉटेलवर एकत्र येतील आणि तिथून सगळे एकाच बसने निघतील. बस तीनला सुटते, आणि सव्वातीनपर्यंत जे जेवणाच्या टेबलावर असतील त्यांनी मागाहून रिक्षाने यावं.

नावाचं तेवढं लक्षात ठेवा. तुम्हाला कुणाचं नाव शोधायचं असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी कार्यालयात द्या : पूर्ण नाव, माहीत असेल तर रेजिमेंट आणि साल. सोबत दिलेल्या फॉर्मच्या मागच्या बाजूला त्यासाठी चौकट आहे. आम्ही आधी शोधून ठेवतो, म्हणजे तिथे गेल्यावर तुम्हाला सोळा भिंती पालथ्या घालाव्या लागत नाहीत. या कामाचे वेगळे पैसे नाहीत.