आडवं व्हायला जागा

रात्रीचे दहा वाजले की स्लीपरच्या डब्यात एक ठरलेली हालचाल सुरू होते. पाठ टेकायची फळी वर उचलायची, दोन्ही बाजूंच्या साखळ्यांचे आकडे अडकवायचे, एकदा हाताने दाबून बघायचं आणि मधला बर्थ तयार. खालचा गृहस्थ चपला आत सरकवतो, वरचा आधीच चढून बसलेला असतो. तिकीट आहे म्हणजे रात्री पाठ टेकायला मिळणार, हे आपण इतकं गृहीत धरतो की त्यात काही मिळवलं गेलं आहे असं वाटतही नाही. पण साध्या तिकिटावर आडवं व्हायला मिळावं, यासाठी या देशातल्या प्रवाशाला बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्यापासून जवळजवळ शंभर वर्षं थांबावं लागलं. गाडीत डबे कुठले जोडायचे, कोणत्या क्रमाने जोडायचे आणि आत बाकं मांडायची की बर्थ, या तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नांमागे कोणी झोपायचं आणि कोणी बसून रात्र काढायची, हा प्रश्न होता.

पंजाब मेलचंच उदाहरण घेऊ. १ जून १९१२ रोजी ही गाडी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून पेशावरला निघाली. बोटीने विलायतेहून उतरलेले साहेब आणि त्यांच्याबरोबर आलेली टपाल थेट सरहद्दीपर्यंत पोचवायची, हे तिचं काम. २,४९६ किलोमीटर, ४७ तास. डबे होते फक्त सहा. त्यांतले तीन टपाल आणि सामानाचे, तीन माणसांचे. आणि त्या तीन डब्यांत मिळून प्रवासी बसायचे ९६. आज स्लीपरच्या एकाच डब्यात ७२ किंवा ८० बर्थ असतात, हे लक्षात घेतलं की त्या डब्यांतला ऐसपैसपणा कळतो. दोन-दोन बर्थच्या खोल्या, शौचालय, न्हाणीघर, जेवणाचा डबा आणि साहेबाच्या नोकरांसाठी व सामानासाठी वेगळा कप्पा. नोकराची जागा गाडी बांधतानाच ठरलेली होती. स्वतःच्या पैशाने तिकीट काढून निघालेल्या सामान्य माणसाची मात्र नव्हती. थर्ड क्लासचे डबे या गाडीला लागले ते १९३०च्या दशकाच्या मध्यावर.

सगळ्याच गाड्या अशा नव्हत्या. बहुतेक मेल-एक्सप्रेसना फर्स्ट, सेकंड, इंटर आणि थर्ड असे चार वर्ग असत. इंटर हा कारकून-मास्तर मंडळींचा वर्ग, थर्डपेक्षा थोडा बरा आणि सेकंडपेक्षा बराच स्वस्त. प्रवाशांची खरी गर्दी थर्डमध्येच. साधारणपणे वरच्या वर्गाचे डबे गाडीच्या मध्यावर असत. उतरलं की स्टेशनची इमारत समोर, हमाल जवळ, इंजिन लांब. थर्डचे डबे दोन टोकांना. इंजिनापाशी असाल तर कोळशाची कणी डोळ्यांत जायची, आणि अपघात झालाच तर पहिला तडाखा टोकाच्या डब्यांना बसायचा. मुंबईहून ईशान्येला जाणाऱ्यांचं त्यातल्या त्यात नशीब चांगलं. १९३० पासून इगतपुरीपर्यंत विजेचं इंजिन असायचं. कसाऱ्याचा घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली की वाफेचं इंजिन लागायचं आणि तिथून पुढे काजळी सुरू. विजेच्या तारा मनमाडला पोचल्या १९६८ मध्ये, म्हणजे तोवर जवळजवळ चाळीस वर्षं इगतपुरीपासून पुढचा सगळा प्रवास धुरातला.

थर्डच्या डब्यात आत काय होतं, याचं एक नेमकं वर्णन गांधीजींनी करून ठेवलं आहे. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर ते ठरवून थर्डने फिरत होते. १२ सप्टेंबर १९१७ रोजी त्यांनी मुंबईहून मद्रासला जाणारी मेल पकडली, भाडं तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर २२ प्रवाशांचा आकडा लिहिलेला होता. २२ म्हणजे बसायला २२. धड आडवं होता येईल असे बर्थच नव्हते, आणि मद्रासपर्यंत रात्री होत्या दोन. पुण्यापर्यंत २२च्या वर माणसं शिरली नाहीत, कारण आतल्या धीट मंडळींनी दार अडवून धरलं होतं. रायचूरनंतर गर्दी आवरेना. प्रवासाचा बराच काळ डब्यात ३५ माणसं होती, काही घाणीतच जमिनीवर पडलेली, काही उभी. पूर्ण प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही. मला यात सर्वांत बोलकी वाटते ती पुण्यापर्यंतची दारावरची अडवाअडवी. बसायची जागा मोजलेली, झोपायची मुळातच नाही. मग एका प्रवाशाचा शत्रू दुसरा प्रवासीच ठरणार. जनरल डब्यात दार लावून बसलेली माणसं आजही दिसतात, तेव्हा हा डबा आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच काळात दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं? मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला १९३०च्या दशकात गार हवेचा डबा लागला. डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवायच्या, पंख्याने त्यांवरची हवा आत सोडायची आणि वाटेतल्या स्टेशनांवर वितळलेला बर्फ बदलायचा. पंजाब मेलला वातानुकूलित डबा मिळाला १९४५ मध्ये. थर्डला तेव्हा पंखा हीसुद्धा चैन होती.

११ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी दिल्लीहून अलाहाबादला नेल्या गेल्या. त्या खास गाडीला पाच डबे होते, पाचही थर्ड क्लासचे. त्याच वर्षी फक्त थर्डचे डबे असलेली पहिली जनता एक्सप्रेस सुरू झाली. तोवर लांबच्या जलद गाड्यांचं वेळापत्रक वरच्या वर्गाच्या सोयीने बेतलेलं असे आणि थर्डचे डबे असलेच तर मागे-पुढे जोडलेले. जनता एक्सप्रेसमध्ये पूर्ण गाडीच थर्डच्या प्रवाशाची झाली. बाकं लाकडीच होती. पण मला तरी हे वळण फार मोठं वाटतं.

मग वर्गांची नावं बदलायला सुरुवात झाली, आणि इथे जुनी कागदपत्रं वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. १९४९ ते १९५५ या काळात जुना, साहेबी फर्स्ट क्लास बंद झाला. जुन्या सेकंडला फर्स्ट म्हणू लागले, इंटरला सेकंड. त्यामुळे एखाद्या आजोबांच्या आठवणीत १९४५ चा सेकंड आणि १९६० चा सेकंड भेटला, तर ते दोन निरनिराळे डबे आहेत हे ध्यानात ठेवायला हवं. दख्खनच्या राणीवर हा बदल सरळ दिसतो. १९३० मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिला फक्त फर्स्ट आणि सेकंड होते. १ जानेवारी १९४९ ला फर्स्ट गेला, सेकंडचा फर्स्ट झाला. थर्डचे डबे तिला लागले जून १९५५ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षं पुण्या-मुंबईच्या साध्या माणसाने ही गाडी बाहेरूनच पाहिली.

१९५५ हे साल आणखी एका गोष्टीसाठी महत्त्वाचं. २ ऑक्टोबरला मद्रासजवळ पेरांबूर इथे इंटिग्रल कोच फॅक्टरीचं उद्घाटन पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झालं; रेल्वेमंत्री होते लालबहादूर शास्त्री. तंत्र श्लीरेन या स्विस कंपनीचं. तोवरचे डबे बव्हंशी पोलादी सांगाड्यावर लाकडाचं घर बसवावं तसे. दोन गाड्यांची टक्कर झाली की एक डबा दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळीसारखा घुसायचा आणि लाकडाचा चुरा व्हायचा. पेरांबूरच्या डब्यात खालचा सांगाडा आणि भिंती-छप्पर मिळून एकच पोलादी कवच. धक्का बसला तर टोकं दबायची, पण मधला भाग टिकायचा. आणि हा कारखाना सुरू झाला तो थर्ड क्लासचे डबे बांधून. टोकाला बसणाऱ्या माणसाला आधी पोलादी भिंत मिळाली, हे मला त्या कारखान्याच्या इतिहासातलं सर्वांत सुंदर पान वाटतं.

एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट ही गोष्टही आपल्याला आज किरकोळ वाटते. जुन्या डब्यांना आतून वाटच नसे. प्रत्येक कप्प्याचं दार थेट फलाटावर उघडायचं. जेवणाच्या डब्यात जायचं तर स्टेशनवर उतरून चालत जायचं, जेवण होईपर्यंत तिथेच बसायचं आणि पुढच्या थांब्याला आपल्या डब्यात परत यायचं. टीसीचीही तीच गत. थर्डच्या प्रवाशाला हा प्रश्न पडतच नसे. त्याचं जेवण घरून बांधून आणलेल्या दशम्या आणि चटणीवर, पाणी फलाटावरच्या नळाचं. दोन डब्यांना जोडणारा तो कनातीसारखा बोगदा, म्हणजे व्हेस्टिब्यूल, पन्नाशीच्या दशकात पसरू लागला. १९५६ मध्ये दिल्ली-हावडा मार्गावर पूर्ण वातानुकूलित, सलग चालत जाता येईल अशी गाडी सुरू झाली आणि तिच्यात थर्डसाठीही गार हवेच्या खुर्च्या होत्या.

झोपेचं काय? थर्डमध्ये आधी आली ती दोन मजली व्यवस्था. खालचं बाक बसणाऱ्यांचं, वरची फळी झोपणाऱ्याची. कागदावर सोय छान दिसते. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता वरचा माणूस घोरतोय आणि त्याच्या खाली चार जण गुडघ्याला गुडघा लावून डुलक्या घेतायत. मी लहानपणी अशा डब्यातून आजोळी गेलो आहे. वरच्या फळीवर आजी आणि मी उलटसुलट, माझे पाय तिच्या कुशीत. फळी सलग नव्हती. लाकडाच्या पट्ट्या, मध्ये बोटभर फट. होल्डॉल, म्हणजे प्रवासातली बिछान्याची वळकटी, अंथरायला जागा नव्हती म्हणून आजीने नुसतं लुगडं दुमडून घातलं होतं. सकाळी माझ्या दंडावर त्या पट्ट्यांचे वळ उठले होते. खाली बसलेल्या एका बाईने रात्रभर आपलं बाळ मांडीवर घेऊन काढली, आणि पहाटे आजी म्हणाली, "उतरते मी, तुम्ही जरा पाठ टेका." त्या दोन बायकांनी फळी अदलाबदल करून वापरली. मला रेल्वेचा इतिहास कळायला लागला तो तिथून.

साठीच्या दशकात तीन मजली स्लीपर आला आणि हा पेच सुटला. दिवसा आठ जणांचा कप्पा, रात्री त्याच आठ जणांना आठ बर्थ: समोरासमोर तीन-तीन, वाटेच्या कडेला दोन. बसायला जितकी माणसं, तितकीच झोपायला. मधला बर्थ दिवसा पाठीची फळी आणि रात्री बिछाना, ही युक्ती साधी आहे, पण तिच्यामुळे एका बाकावरच्या तिघांनाही रात्रीची हक्काची जागा झाली. उंची कमी मिळते, मधल्याला ताठ बसता येत नाही, सगळ्यांत वरच्याला छत नाकाशी लागतं. तरी आडवं होता येतं.

१९७४ मध्ये 'थर्ड क्लास' हे शब्द डब्यांवरून पुसले गेले आणि थर्डला सेकंड म्हणू लागले. फळ्या मात्र तशाच लाकडी राहिल्या. त्या बदलल्या त्या १९७७ नंतर, राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर. कोकणातून मुंबईला येणाऱ्या माणसाचा प्रवास त्यांना ठाऊक होता. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस निघाली. लांब पल्ल्याची जलद गाडी, आणि तिला वर्गच नव्हते; सगळे डबे सेकंडचे. आणि सेकंडच्या लाकडी फळीवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा निर्णय झाला. दोन इंच म्हणजे बोटाची दोन पेरं. फर्स्टच्या गादीशी तुलना होणार नाही, पण पट्ट्यांची फट झाकली गेली. हळूहळू देशभरच्या गाड्यांत ती गादी पोचली.

आमच्या घरी एक खाकी होल्डॉल होता, चामडी पट्ट्यांचा, आत एक सतरंजी, दोन चादरी आणि एक उशी कायम बांधलेली. पुढच्या काही वर्षांत गाडीला निघताना तो आधी निम्मा भरला जाऊ लागला, मग नुसती चादर पिशवीत जाऊ लागली. शेवटी आजीने तो उन्हात वाळवला, कडुनिंबाचा पाला घातला आणि माळ्यावर टाकला.